आठवण आहे तोवर वही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, वर्तमानपत्रांत या आजाराच्या लक्षणांवर लेख येतात. त्यांची कात्रणं मी जपून ठेवते. पण लक्षणं कळल्यावर घरात जे सुरू होतं, त्यातल्या एका गोष्टीबद्दल हे पत्र.

माझ्या सासूबाईंना शेवटची सहा वर्षं स्मृतिभ्रंश होता. दिवसा सांभाळायला एक मावशी ठेवल्या होत्या. स्वच्छतेला सोपं पडावं म्हणून आम्ही सासूबाईंचं नऊवारी बंद करून गाऊन घातला. त्या दिवसापासून त्यांचा हात सारखा डाव्या खांद्यावर चाचपडायचा, गळ्याशी ओढाओढ करायचा. "आजी लई वळवळ करत्यात," मावशी म्हणायच्या. दोन गाऊन फाटले. आम्ही हात धरून बसायला लागलो. त्या पदर शोधत होत्या, हे कळायला पाच महिने गेले, तेही नणंद माहेरपणाला आली म्हणून. तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा त्यांच्या खांद्यावरून डोक्यावर घेतला आणि हात थांबला. ती सगळी दुपार त्या शांत बसून होत्या.

पहाटे साडेतीनला उठून त्या दाराची कडी वाजवायच्या. आम्ही डॉक्टरांकडून झोपेची गोळी मागून घेतली. मग दिवसभर गुंगी, आणि एकदा न्हाणीत पडल्या. चाळीस वर्षं त्या शिवाजी पेठेतून चालत अंबाबाईच्या काकड आरतीला गेल्या होत्या. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, तरी कुणालाच त्या कडीशी त्याचा संबंध जोडता आला नाही. तोंड धुऊन देव्हाऱ्यापुढं बसवलं असतं तर भागलं असतं. हे मला आजही टोचतं.

त्यांना सांगता येत नव्हतं. मला अजून येतं. माझं वय ६९. मी दोनशे पानी वही घातली आहे. त्यात लिहिलंय, मला 'आजी' म्हणू नका. शाळेत पस्तीस वर्षं 'बाई' ऐकलं, त्याच हाकेला मी वळेन. आंघोळीला पहिला तांब्या पायावर, डोक्यावर एकदम नको. दिवेलागणीच्या आधीच सगळ्या खोल्यांत दिवे लावा, सासूबाईंची तगमग त्याच वेळी वाढायची. तांबडा रस्सा सोसत नसेल तर पांढरा द्या, पण माझं ताट पंगतीतून उचलून कोपऱ्यात नेऊ नका. वर्तमानपत्र उलटं धरलं तरी हातातून काढून घेऊ नका. माझा भाऊ १९८९ साली गेला. मी त्याची वाट बघायला लागले, तर तो गेल्याचं पुन्हा पुन्हा सांगू नका. दर वेळी ती बातमी मला नवीच असेल. त्यानं मला रंकाळ्यावर पोहायला कसं शिकवलं, ते विचारा.

मुलगा आधी म्हणाला, "आई, असलं अभद्र कशाला लिहितीस?" मग रात्री त्यानंच येऊन विचारलं, चहात आलं किती घालायचं ते लिहिलंस का?

आवडी बदलतात, म्हणून दसऱ्याला पाटीपूजनाच्या दिवशी वही वाचून दुरुस्त करते आणि तारीख घालते. मानसिक आजारात आपली काळजी आणि उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत, हे शुद्धीत असताना आधीच लेखी सांगण्याचा आणि आपल्या वतीनं बोलणारा माणूस नेमण्याचा अधिकार २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रौढांना दिला आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत स्मृतीचे गंभीर विकारही येतात. त्याचे कागद रीतसर करायला लागतात, ते मी करतेच आहे. पण पदराची गोष्ट कुठल्या अर्जात मावणार? तिला वहीच हवी.

माझी विनंती एवढीच, की रविवारच्या पुरवणीत एकदा अर्धं पान असं द्यावं की ते कापून घरात ठेवता येईल: हाक कोणती, आंघोळ कशी, झोपायची-उठायची वेळ, काय घशाखाली उतरत नाही, कुणाचं नाव काढलं की बरं वाटतं. पुढं ओळी कोऱ्या सोडाव्यात. अक्षर मोठं असावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
शिवाजी पेठ, कोल्हापूर