कानातला आवाज

कोल्हापूर,
२१ जुलै

प्रिय सखे,

तू पाठवलेली कादंबरी काल रात्री संपली. चार दिवस पावसाला उसंत नाही, राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय आणि उद्यमनगरात दिवसातून दोनदा लाइट जातेय. वर्कशॉपातल्या लेथ मशीन थांबल्या की मी बाबांच्या स्टुलावर बसून वाचत होते. शेवटची साठेक पानं घरी, इन्व्हर्टरच्या दिव्याखाली संपवली. आणि बरं वाटायच्या ऐवजी मला राग आला. शेवट वाचून तुला भरून आलं म्हणालीस ना, म्हणून तुलाच सविस्तर लिहितेय.

आधी जे जीव लावून वाचलं ते सांगते. नायिका फॉर्म्युला वनच्या टीममध्ये रेस इंजिनिअर आहे, म्हणजे शर्यतभर ड्रायव्हरच्या कानात जिचा आवाज असतो ती. सुरुवातीला दोघांचं पटत नाही वगैरे, ते सगळ्याच प्रेमकथांत असतं. पण ती त्याच्याशी बोलायला कशी शिकते, ते लेखिकेनं काय सुंदर लिहिलंय गं! वळणाआधी ब्रेक दाबला की ड्रायव्हरच्या अंगावर त्याच्या वजनाच्या पाचपट भार येतो. मान ताठ धरायची, श्वास रोखलेला, अशा वेळी कानात कुणी बोललेलं सोसत नाही. बोलायचं ते सरळ पट्ट्यावर, तेही चार शब्द. पहिल्या शर्यतीत ती नेमकी वळणात बोलते आणि तो तिच्यावर ओरडतो. पुढं पुढं त्याच्या श्वासावरूनच तिला कळायला लागतं, की आता बोललं तर चालेल. मागचे टायर संपत आलेत हे त्यानं सांगायच्या आधी ती ओळखते. आमच्या बाबांचं तसंच आहे. ते पाठमोरे चहा पीत असले आणि लेथवरचं कापायचं टूल बोथट झालं, की आवाजावरून ओळखतात आणि न वळता टर्नरला हाक मारतात, "जॉब काढ, टूल बघ."

आणि ते अपघाताचं प्रकरण. गाडी भिंतीवर आदळते, ती विचारते, "ठीक आहेस का?" उत्तर नाही. पुन्हा विचारते. चार वेळा. लेखिकेनं त्या चार प्रश्नांच्या मधे तिच्या मनातलं एक अक्षर लिहिलेलं नाही. हेडसेटच्या वायरीला ती बोटाभोवती पीळ घालत राहते, एवढंच. मला २०२० ची बहारिनची शर्यत आठवली. फोनवर बोलत बोलत बघत होतो आपण. ड्रायव्हर ग्रोजाँच्या गाडीचे दोन तुकडे झाले, आगीचा लोळ उठला आणि आपण दोघीही गप्प झालो. तो सुखरूप असल्याचं कळेपर्यंत रिप्लेसुद्धा दाखवत नव्हते. २८ सेकंद होता तो आगीत. ड्रायव्हरचं डोकं वाचवणारं ते कडं, हेलो, २०१८ पासून सक्तीचं झालं म्हणून वाचला.

मी तुला कधी सांगितलं नाही, पण अशी शांतता मी स्वतः ऐकलीय. आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावायला लागला तेव्हा आमच्या धाकट्या भावालाही कार्टिंगचं, म्हणजे छोट्या कार्ट गाड्यांच्या शर्यतींचं, वेड लागलं. त्याचे लॅप मी मोजायची. एकदा त्यानं उशिरा ब्रेक मारला, कार्ट गरगरली आणि टायरच्या ढिगात घुसली. पोरांना शिकवलेलं असतं, थांबलास की आधी हात वर कर, म्हणजे मागच्यांना दिसतं. मी त्या हाताची वाट बघत कुंपणाची जाळी धरून उभी होते. हातातलं स्टॉपवॉच चालूच होतं. हात वर आला तेव्हा त्यावर अकरा सेकंद झाले होते. त्याला फक्त बरगडीला मुका मार होता. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "उठला न्हवं? मग रडून घे आता." तेव्हा कुठं मी रडले.

चुका आहेत पुस्तकात. गोष्ट आजची, गाड्यांना हेलो आहे, आणि पिट स्टॉपमध्ये, म्हणजे शर्यतीत मधेच गाडी थांबवतात तेव्हा, पेट्रोल भरतात! ते २०१० पासून बंद आहे. चारही चाकं दोन-अडीच सेकंदांत बदलून गाडी निघून जाते, तेवढ्यात नायक हेल्मेटची काच वर करून तिच्याकडे बघून हसणार कसा? पण हे मी पोटात घातलं असतं.

शेवट नाही घालता येत. तो विजेता होतो, लग्नाचं विचारतो आणि ती नोकरी सोडते. शेवटच्या पानावर ती गॅलरीत पांढऱ्या ड्रेसमध्ये उभी आहे आणि त्याच्या कानात दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आहे. अगं, त्यांचं सगळं प्रेम त्या कानातल्या आवाजात होतं! तोच काढून घेतला आणि त्याला सुखाचा शेवट म्हटलं. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवलेली बाई आजवर एकच, लेला लोम्बार्डी, १९७५ साली स्पेनमध्ये, तोही अर्धा गुण, कारण शर्यत मधेच थांबवली. आणि एका ड्रायव्हरची कायमची रेस इंजिनिअर म्हणून बाई यायला २०२५ उजाडलं, हास टीमची लॉरा म्युलर. इतक्या उशिरा मिळालेली खुर्ची लेखिकेनं अर्ध्या पानात रिकामी केली. त्यानं सोड म्हटलं असतं आणि ती भांडली असती, तरी मी समजून घेतलं असतं. इथं कुणी तिला विचारतही नाही. ती स्वतःच हेडसेट काढून टेबलावर ठेवते, आणि ते वाचताना आपण खूश व्हायचं.

धाकटा वाचायला मागतोय, त्याला आठवडाभर देते, मग पुस्तक तुझ्याकडे परत. अपघाताच्या प्रकरणात मी पेन्सिलीनं खूण केलीय. तेवढंच पुन्हा वाच, लगेच शेवटचं पान वाच, आणि मग मला फोन कर. अजूनही तुला भरून येतं का, मला ऐकायचंय.

तुझीच,
उद्यमनगरवाली