चावडीच्या दगडाला नावं हवीत : मुंबईकर ग्रामस्थांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावच्या चावडीतला इंग्रजी दगड आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिला आहे. पहिल्या महायुद्धात (दगडावर साल १९१४ ते १९१९) या गावातून किती माणसं गेली आणि त्यातली किती कामी आली, एवढंच त्यावर कोरलंय. नाव एकाचंही नाही. गेल्या पावसाळ्यात चावडीची भिंत खचली आणि दगडाला उभी भेग गेली. सध्या तो देवळाच्या ओवरीत गोणपाटावर आडवा ठेवला आहे.

लालबागच्या खोलीवर झालेल्या बैठकीत ठरलं, की भेग सांधून दगड नव्या चौथऱ्यावर उभा करायचा आणि शेजारी काळ्या पाषाणाची दुसरी शिळा बसवायची. तिच्यावर मराठीत नावं.

नावांचा हा हट्ट का, ते सांगतो. आपली बरीच माणसं मराठा पलटणींत होती. इथल्याच, मुंबईच्या गोदीतून ती बोटीत चढली आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात उतरली. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ तिथल्या कुत शहरात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. उपासमार झाली, शरणागतीनंतर कैदेतही खूप जण दगावले. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून अधिक जणांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. इराकातल्याच अमाऱ्याच्या भारतीय दफनभूमीत हजारोंना माती दिली, पण कोणाकोणाला, याची धड नोंदही ठेवली नाही. तिकडे आकडा, आणि इकडे चावडीवरही आकडाच.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या याद्यांमधून मंडळाच्या मुलांनी काही नावं शोधली आहेत. पण इंग्रजी स्पेलिंगवरून नाव नीट लागत नाही. एकाच्या नावापुढे बापाचं नाव आणि गाव आहे, आडनाव नाही. तो कुठल्या आळीतला, हे घरच्याच माणसांना सांगता येईल.

मागच्या महिन्यात वरच्या आळीतल्या एका देव्हाऱ्यात बशीएवढी ब्राँझची तबकडी दिसली. हातात त्रिशूळ घेतलेली बाई, पुढे सिंह. घरातल्या आजी तिला भवानी म्हणून रोज हळदकुंकू वाहत. ओल्या फडक्याने अलगद पुसल्यावर कडेच्या चौकटीत अक्षरं निघाली : त्यांच्या आजेसासऱ्यांचं नाव. युद्धात मेलेल्यांच्या घरी सरकारने पाठवलेली ती तबकडी होती. आजी बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसल्या.

अशी तबकडी, मेडल, पेन्शनचा कागद, जुना फोटो आपल्या घरी असेल तर कळवा. मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण असते. चिंचेने घासू नका, ती अक्षरं झिजतात. वस्तू आम्हाला नको, ती तुमच्याच घरी राहू द्या. आम्ही फक्त फोटो काढू. माहेरवाशिणींनाही हीच विनंती, कितीतरी आठवणी त्यांच्याबरोबर सासरी गेल्या आहेत.

वर्गणी घरटी किमान ५०० रुपये, पुढे ज्याची त्याची ऐपत. पावतीशिवाय पैसे कोणाकडेही देऊ नयेत. कोणाच्या ओळखीत चांगला पाथरवट असेल, किंवा शिळा गावी न्यायला टेम्पो देता येत असेल, तर तीही मोठीच मदत.

आतापर्यंत मिळालेल्या नावांची यादी खोलीच्या दाराशी लावली आहे. दर रविवारी संध्याकाळी खोली उघडी असते. दगडात चुकलेलं अक्षर पुसता येत नाही. शिळा कोरायला जाण्याआधी येऊन आपल्या घरातलं नाव तपासून जा.

आपले नम्र,
ग्रामस्थ मंडळ, मुंबई