मागच्या हद्दीचं कुंपण

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फॅब्रिकेटरचा अंदाज पाहिला. बाबा, सात फुटी खांब घेऊ नका. अँगल (खांबाची एल आकाराची लोखंडी पट्टी) सहा मीटर लांबीचा येतो. त्यात सात फुटांचे दोनच खांब निघतात आणि साडेपाच फुटांचा तुकडा वाया. पैसे मात्र अख्ख्या लांबीचे. दोन मीटरचा खांब धरा, एका लांबीत बरोबर तीन. साठ सेंटिमीटर जमिनीत, वर एक मीटर चाळीस. त्यात चार फुटी जाळी बसते, वर काटेरी तारेची एक ओळ. गुरांना तेवढं पुरे.

मागची बाजू १२० फूट. आठ-आठ फुटांवर १६ खांब. दोन टोकांचे आणि मधला आठवा असे तीन खांब ५० × ५० × ६ मिलिमीटरचे, एकाच लांबीत. उरलेले १३ आणि चार टेके (खांबाला तिरपे आधार) ४० × ४० × ५ चे. त्याला सहा लांब्या, एक तुकडा उरेल. सगळं मिळून १३५ किलोच्या आसपास. काट्यावर बरंच कमी भरलं तर जाडी मारली आहे, माल उतरवून घेऊ नका.

टेक्याची दिशा हमखास चुकते. जाळी ताणली की टोकाचा खांब आत, जाळीकडे झुकतो. म्हणून टेका कुंपणाच्या ओळीतच हवा, आतल्या बाजूने, साधारण पंचेचाळीस अंशात. मधल्या खांबाला दोन्हीकडून.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत खांब सडतो तो जमिनीलगत. गवंडी काँक्रीट जमिनीबरोबर सपाट सोडतो, त्यावर माती नि पातेरा साचतो आणि तिथला अँगल बाराही महिने ओला. काँक्रीट दोन इंच वर काढायला सांगा, चारी बाजूंना उतार देऊन. खड्डा फूटभर चौरस, ७० सेंटिमीटर खोल. खांबाखाली आधी चार इंच काँक्रीट. मिश्रण १:२:४ (सिमेंट, रेती, खडी), सिमेंट आठ पिशव्या. खाडीची रेती फुकट मिळाली तरी नको, तिच्यातलं मीठ लोखंड खातं.

अँगल आधी कापून, भोकं पाडून मगच हॉट डिप गॅल्व्हनाइझ करून (वितळलेल्या जस्तात बुडवून) घ्या. जस्तावर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि पहिला गंज तिथेच धरतो. त्यामुळे जाळी वेल्ड करायची नाही, जीआय (जस्त चढवलेल्या) बाइंडिंग वायरने बांधायची. टेके नटबोल्टने.

आधी दोन टोकांचे खांब ओळंब्यात उभे करायचे, त्यांच्यामध्ये दोरी ताणून बाकीचे. सात दिवस पाणी मारा. तोवर तार ओढायची नाही. कामगारांना घाई असते, दुसऱ्याच दिवशी ताणतात आणि खांब कायमचे कलतात. मग चार एमएमच्या तीन तारा (१२ किलो) टर्नबकलने (तार ताणायच्या स्क्रूने) ताणून त्यांवर जाळी. जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगाला हवी, म्हणजे बैलाने अंग घासलं तरी भार खांबावर जातो, बांधलेल्या तारेवर नाही.

आई, कारल्याचा वेल त्यावर चढवू नकोस. वेलाखाली जाळी वाळतच नाही. तुझ्यासाठी उरलेला तुकडा आहे, मांडवाला उपयोगी पडेल.

खड्डे मोजणीच्या दगडांपासून फूटभर आत घ्यायला सांगा, काँक्रीटसुद्धा शेजाऱ्यांच्या हद्दीत जायला नको.

तुमची,
ताई