रुळांचा रंग दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी बेळगावच्या कपिलेश्वर उड्डाणपुलावर मी संध्याकाळी रेखाटने करीत असे, तेव्हा आपण माझ्यामागे थांबलात आणि बराच वेळ पाहून म्हणालात, "ह्या रुळावनं गाडी जाऊन लई दिवस झालेत बघ." मी सगळे रूळ एकसारखे गंजलेले रंगवले होते. रेल्वेत गँगमन म्हणून, म्हणजे रुळांची देखभाल करण्यात, उभी हयात घालवलेल्या माणसाला ते खटकणारच होते. रोज गाड्या धावतात त्या रुळाचा माथा चाकांनी घासून आरशासारखा होतो, कडा मात्र तांबूसच राहतात, आणि वापरात नसलेल्या सायडिंगचा, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळाचा, माथाही गंजतो, हे आपण मला खाली बोट दाखवून समजावलेत. फलाटाजवळची खडी ब्रेकच्या लोखंडी भुकटीने तपकिरी होते, हेही मला त्याच दिवशी कळले.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८७७ साली पॅरिसच्या सेंट-लझार स्थानकाची चित्रे रंगवली, तेव्हा त्यांच्यापुढे इंजिनांची वाफ होती. आपल्याकडे आता वाफ नाही, विजेच्या तारा आहेत, म्हणून भावना कशावर तोलायची हे मला उमगत नव्हते. आपल्या त्या एका वाक्याने चित्राला कणा मिळाला. घरी येऊन मी बर्न्ट सिएनाचा तांबूस तपकिरी आणि अल्ट्रामरीनचा गडद निळा रंग मिसळून सगळी जमीन काळवंडली, ती वाळल्यावर पांढऱ्यात किंचित नारिंगी घालून पॅलेट नाईफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने, चालू रुळांवर जाड, न थांबता एकच ओढ दिली, आणि डावीकडची सायडिंग मुद्दाम विझलेली ठेवली.

दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर, पण रुळांखालचा आडवा स्लीपर पावणेतीन मीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंना जवळजवळ अर्धा मीटर बाहेर, हे आपण सांगितल्यावर मी सगळे स्लीपर पुन्हा काढले. आकाश मात्र जांभळेच ठेवले. तेवढे स्वातंत्र्य मला हवे होते, आणि "वळिवाच्या आधी असंच होतं की" म्हणून आपणही ते दिलेत.

आमच्या हवेत तैलरंग फार सावकाश वाळतो, त्यामुळे वार्निश अजून लावलेले नाही. दसऱ्यानंतर चित्र घेऊन मी आपल्या घरी येईन. डावीकडची सायडिंग तेवढी आपल्या नजरेखालून पुन्हा एकदा गेली पाहिजे.

आपला ऋणी,
पुलावरचा चित्रकार