घरकुलाची यादी आणि गटाराची यादी एकाच टेबलावर येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘यादीत नाव आलं का?’ आवास योजनेचा विषय निघाला की जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबारच्या वस्त्यांमध्ये एवढाच प्रश्न विचारला जातो. नाव आले की घर मिळाले, असा समज आहे. नाव येणे ही सुरुवात असते. त्यानंतर घर अडते ते बहुधा दोन कारणांनी. एक, हप्ते आणि बांधकाम यांचा मेळ बसत नाही. दोन, घराचा पैसा एका खिडकीतून येतो आणि त्याच घराच्या नळाचा, गटाराचा पैसा दुसऱ्या खिडकीतून. त्या दोन खिडक्यांमागची माणसे एकमेकांच्या याद्या पाहत नाहीत. हे दुसरे कारण पालिकेला स्वतःच्या अधिकारात दूर करता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

आधी घराच्या पैशाबद्दल. पंतप्रधान आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडे तिचा सर्वात उपयोगी घटक म्हणजे स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्याला अनुदान. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख. अटी सर्वांना माहीत असाव्यात: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत, देशात कुठेही पक्के घर नाही, गेल्या वीस वर्षांत कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ नाही, आणि घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे. पालिका अर्ज तपासून सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर करते. तो राज्याची नोडल यंत्रणा असलेल्या म्हाडाकडे जातो, मग मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीपुढे आणि शेवटी केंद्राच्या समितीपुढे. केंद्राचा वाटा ४०, ४० आणि २० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो, म्हणजे घरामागे ६० हजार, ६० हजार आणि ३० हजार.

यात एक मेख आहे. पहिल्या टप्प्याच्या नियमांप्रमाणे राज्याला पुढचा हप्ता मिळायचा तो आधीच्या रकमेचा ७० टक्के विनियोग दाखवल्यावर. म्हणजे एका डीपीआरमध्ये शंभर नावे असतील आणि त्यातल्या चाळीस जणांच्या जागेचे कागद अडकलेले असतील, तर ज्यांचे जोते बांधून तयार आहे तेही थांबतात. शेजाऱ्याच्या सातबाऱ्यामुळे आपला हप्ता अडला, हे त्या माणसाला कोणी सांगत नाही. तो पालिकेत चकरा मारतो आणि ‘वरून निधी नाही’ एवढे उत्तर घेऊन परत येतो.

कागद अडकतात ते ठरावीक जागी. प्लॉट आजोबांच्या नावावर असतो, आजोबा वारून वीस वर्षे झालेली असतात आणि वारस नोंद झालेली नसते. चार भावांत वाटणी तोंडी झालेली असते, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चौघांची नावे असतात आणि पुण्या-सुरतेला गेलेल्या एका भावाचे संमतिपत्र मिळत नाही. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या वसाहतीत बिनशेती परवानगीच नसते. तिथे २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरण करून घ्यावे लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ही सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली आहे, पण विकास शुल्क भरायला पैसे नाहीत म्हणून ती फाइलही पडून राहते. आधारवर एक आडनाव, बँकेच्या पासबुकावर दुसरे, हा घोळ तर नेहमीचाच. अशी नावे शेवटी गळतात, मंजूर घरांची संख्या कमी होते आणि पैसा परत जातो. गळतात ती नावे बहुतेक सर्वात गरिबांची असतात.

उपाय सोपा आहे, फक्त त्याची वेळ चुकते. वारस नोंदी, गुंठेवारी आणि आधार-बँक जुळणीची शिबिरे डीपीआर पाठवण्याच्या आधी, वस्तीत, तलाठी आणि सिटी सर्व्हेचा माणूस सोबत घेऊन व्हायला हवीत. ज्यांचे कागद पूर्ण त्यांचा एक डीपीआर, आणि ज्यांचे अपुरे त्यांचा सहा महिन्यांनी दुसरा. सगळ्यांना एकाच मोळीत बांधले की सगळेच अडतात.

आता दुसरी खिडकी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी दहा लाखांखालील शहरांना जे अनुदान ठरवले, त्यातले ४० टक्के अबंधित होते, म्हणजे काम पालिकेने निवडायचे, आणि ६० टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांपुरतेच. बंधितातले निम्मे पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन आणि पुनर्वापर यांसाठी, निम्मे स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. अबंधित पैसाही पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नव्हता. लेखे वेळेवर जाहीर केले नाहीत तर अनुदान मिळत नसे, आणि राज्याने केंद्राकडून आलेला पैसा दहा कामकाजाच्या दिवसांत पालिकेला दिला नाही तर व्याज द्यावे लागे. खान्देशातली सगळी शहरे याच गटातली. अटी चांगल्याच होत्या. पण पाणी-गटाराची कामे कोणत्या वस्तीत घ्यायची हे ठरवताना आवास कक्षाची यादी कोणी मागवत नाही. पाणीपुरवठा विभाग आपली यादी करतो, बांधकाम विभाग आपली. घरकुले उभी राहतात एका टोकाला आणि नवी पाइपलाइन पडते दुसऱ्या टोकाला.

याचा परिणाम फक्त राहायला गेल्यावर जाणवतो असे नाही. तो बांधतानाच भोवतो. तीस चौरस मीटर चटई क्षेत्राचे घर धरा. भिंतींसह स्लॅब साधारण ३६ चौरस मीटरचा होतो. पाच इंच जाडीने साडेचार घनमीटर काँक्रीट लागते, त्याला ३५-३६ गोण्या सिमेंट आणि साडेतीनशे किलोच्या आसपास सळई. हा माल, सेंट्रिंगचे भाडे, मिक्सर आणि मजुरी यांचा पैसा एकदम मोजावा लागतो. स्लॅब हप्त्याहप्त्याने पडत नाही, एका दिवसात पडतो. पुढचा हप्ता मात्र छताचा फोटो ‘जिओ-टॅग’ झाल्यावर, म्हणजे जागेच्या खुणेसह नोंदला गेल्यावर. मग माणूस बचत गटाकडे नाही तर मायक्रोफायनान्सकडे जातो. स्लॅब पडल्यावर त्याला किमान दहा दिवस ओला ठेवावा लागतो. कोरड्या, उष्ण हवेत आणि आज सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला बांधकामाच्या भारतीय मानकानेच एवढी मुदत सांगितली आहे, आणि चौदा दिवस झाले तर उत्तम. जळगाव-भुसावळचा पारा एप्रिल-मेमध्ये ४४-४५ अंशांवर जातो. स्लॅबवर वाळू-सिमेंटचे आळे करून सकाळी भरलेले पाणी दुपारी आटलेले असते. ज्या वस्तीत नळ दोन-चार दिवसांआड येतो, तिथे टँकर विकत घ्यायचा की पाणी मारणे सोडून द्यायचे, एवढेच हाती उरते. बहुतेक जण तिसऱ्या दिवशी सोडून देतात. केसासारख्या भेगा तेव्हाच पडतात, त्या दिसतात पहिल्या पावसात.

पायाचे तसेच. तापीकाठच्या काळ्या जमिनीत चार-पाच फूट खोदूनही मुरूम लागत नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा देते. तिच्यावर उथळ पाया घातला तर दुसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघालीच समजा. म्हणून इथे पाया खोल न्यावा लागतो, जोत्यावर बीम टाकावा लागतो, आणि पहिला हप्ता जमिनीखालीच जिरतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे दोन फुटांवर मुरूम आहे, तिथला आणि भुसावळच्या काळ्या रानातला खर्च सारखा नाही. हप्ता सारखा आहे. चौरस फुटाला दीड हजार रुपये धरले तरी हे घर पावणेसहा लाखांच्या घरात जाते. केंद्राचा वाटा २०१५ मध्ये दीड लाख होता, दुसऱ्या टप्प्यातही महाराष्ट्रासाठी तो दीड लाखच आहे.

सर्वात वाईट हाल जुने धाब्याचे घर पाडून बांधणाऱ्यांचे. खाऱ्या मातीचे धाबे उन्हाळ्यात गार असते, जरा डागडुजी केली की चार पावसाळे निघतात. ते पाडले, जोते झाले आणि हप्ता अडला, तर कुटुंब मृगात ताडपत्रीखाली येते. पावसाळ्यात नदीतून वाळूचा उपसा बंद असतो, त्यामुळे गिरणेची वाळू मिळेल त्या भावाने घ्यावी लागते. पहिला हप्ता खात्यात पडल्याशिवाय जुने घर पाडू नका, हे प्रत्येक मंजुरीपत्रावर ठळक अक्षरात छापले पाहिजे.

जिओ-टॅगिंगबद्दल थोडे. जागा मोकळी असताना, पाया, लिंटेल, छत आणि पूर्ण घर, अशा टप्प्यांचे फोटो मोबाईलवरून जागेच्या अक्षांश-रेखांशासह चढवले जातात. दाटीच्या गल्लीत मोबाईलने दाखवलेली जागा दहा-पंधरा मीटर सहज सरकते आणि शेजाऱ्याच्या प्लॉटवर जाते. पहिला फोटो चुकीच्या जागी लागला की पुढचे सगळे जुळत नाहीत. पहिल्या फोटोच्या वेळी अभियंत्याने प्लॉटच्या मधोमध, उघड्यावर, दोन मिनिटे थांबून घेतले तर हा त्रास बराच टळतो.

‘आमच्या हातात काही नाही, निकष दिल्लीचे,’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. अनुदानाची रक्कम दिल्लीची. पण कोणती वस्ती आधी, शिबिर कधी, गटार कुठे, हे ठरते पालिकेतच. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने शहरांना केंद्राकडून वस्ती विकासाचे ठोक अनुदान मिळते. त्याच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. किमान ७० टक्के खर्च अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगाचा हवा. पाळणाघर, वृद्धसेवा यांसारख्या लोकसेवांवर जास्तीत जास्त १५ टक्के, नियोजन आणि प्रशासनावर जास्तीत जास्त २०. शहराने तीन ते पाच वर्षांचा एकच एकत्रित आराखडा करायचा, घरे आणि सेवा दोन्हींचा. दरवर्षीचा कृती आराखडा मंजुरीला पाठवण्याआधी ३० दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवायचा. आणि वर्ष संपायच्या ६० दिवस आधी न खर्चलेली शिल्लक वार्षिक अनुदानाच्या दीडपटीपेक्षा जास्त असता कामा नये. तिथले सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. पण घर आणि सेवा एका कागदावर आणणे आणि तो कागद लोकांना महिनाभर दाखवणे, एवढे आपल्याला दिल्लीच्या परवानगीशिवाय करता येईल.

त्यासाठी नवा कायदाही नको. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या बंधनकारक आहेत; जळगाव आणि धुळे दोन्ही त्यात बसतात. राज्याने २००९ मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही केली आहे. २०२३ नंतर या दोन्ही शहरांत बराच काळ प्रशासकांनीच कारभार पाहिला, तेव्हा याद्यांवर सभागृहात चर्चा होण्याचा प्रश्नच नव्हता. आणि घरकुलाच्या पैशाचा हिशेब वेळेत विचारला नाही तर काय होते, हे जळगावकरांना वेगळे सांगायला नको: १९९० च्या दशकातल्या पालिका घरकुल योजनेतल्या घोटाळ्याच्या खटल्याचा निकाल धुळ्याच्या विशेष न्यायालयात लागला तो २०१९ मध्ये.

आमचे मागणे असे. शहराच्या एकाच नकाशावर मंजूर घरकुले, नळजोडण्या आणि गटारे दाखवा, तो प्रभाग कार्यालयात लावा आणि ३० दिवस हरकती घ्या. जिथे एका गल्लीत दहापेक्षा जास्त घरकुले मंजूर आहेत, तिथली पाइपलाइन आणि गटार बंधित निधीतून आधी घ्या. गटाराची पातळी ठरल्यावरच जोत्याची उंची ठरवा, म्हणजे रस्ता वर आणि घर खाली असे होणार नाही. घरात दिव्यांग माणूस असेल तर आखणीच्या वेळीच रॅम्पची जागा सोडा: दोन फूट जोत्याला सोयीच्या उताराने चोवीस फूट रॅम्प लागतो, तो नंतर गल्लीत बसत नाही. पालिकेच्या दिव्यांग निधीतून तो करता येईल. छताच्या हप्त्यासाठी पडलेल्या स्लॅबऐवजी सेंट्रिंग आणि बांधलेल्या सळईचा फोटो राज्याच्या वाट्यापुरता तरी पुरावा धरावा, असा ठराव करून पालिकांनी शासनाकडे पाठवावा. आणि स्लॅबच्या आठवड्यात त्या गल्लीत पालिकेचा टँकर मोफत जावा; सगळ्या खर्चात हा खर्च सर्वात लहान आहे.

शेवटचा मुद्दा तारखांचा. पहिला हप्ता मार्चअखेर पडला तर पाया चैत्रात, स्लॅब वैशाखाच्या उन्हात आणि भिंती पावसात जातात. तोच हप्ता दसरा-दिवाळीच्या आत पडला तर काळी माती वाफशावर असताना खोदाई होते, वाळू सुटलेली असते, विहिरींना पाणी असते आणि स्लॅब होळीच्या आधी पडतो. त्यासाठी डीपीआर उन्हाळ्याआधी पाठवावा लागेल आणि वारस नोंदींची शिबिरे त्याच्याही आधी, हिवाळ्यात घ्यावी लागतील. खान्देशातल्या पालिकांनी आपले आवासाचे वेळापत्रक असे उलटे मोजून आखावे आणि प्रत्येक प्रभागात फळ्यावर लावावे.

आपले,
नगरपालिका बांधकाम व आवास कामातील काही निवृत्त अभियंते व कर्मचारी,
भुसावळ