धूमकेतूच्या श्रेयाचे मानकरी

महोदय,

हॅले धूमकेतूचा विषय निघाला की एडमंड हॅले यांचे नाव घेऊन आपण थांबतो. १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेला धूमकेतू एकच असून तो १७५८च्या सुमारास परतेल, हे त्यांचे अनुमान थोर होतेच. परंतु गुरू आणि शनी यांच्या ओढीमुळे त्याला किती उशीर होईल, हे किचकट गणित पॅरिसमध्ये अलेक्सी क्लेरो, जेरोम लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघांनी कित्येक महिने हाताने आकडेमोड करून सोडवले. एप्रिल १७५९च्या मध्यास, महिनाभर मागेपुढे, धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, असे त्यांनी आधीच जाहीर केले होते. प्रत्यक्षात तो १३ मार्चला आला. तत्पूर्वी २५ डिसेंबर १७५८ रोजी तो सर्वप्रथम पाहिला योहान पालिच या जर्मन शेतकऱ्याने. (हौशी निरीक्षकांनी याचा अभिमान जरूर बाळगावा!) पुढे क्लेरो यांनी आपल्या ग्रंथातून लपोतबाईंचा उल्लेख गाळला, लालांद यांनी मात्र त्यांचे श्रेय मोकळेपणाने नोंदवले.

इसवी सनापूर्वी २४० साली चीनमध्ये आणि १६४ साली बॅबिलोनमध्ये ज्यांनी या धूमकेतूची नोंद केली, त्यांची तर नावेही उरलेली नाहीत. तरीही त्याची प्राचीन कक्षा ठरवताना याच नोंदी उपयोगी पडल्या. धूमकेतू २०६१ मध्ये परतणार आहे. शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत तोवर निदान लपोत आणि पालिच यांच्यासाठी दोन ओळी असाव्यात, ही अपेक्षा.

– एक वाचक, सातारा