कार्डावरचं ‘फॉरवर्ड’

तालुका दारव्हा, जि. यवतमाळ
पौष, रविवार

प्रिय दोस्ता,

तुझी कॅसेट सापडली. बाबांची लोखंडी पेटी उघडली, तर सातबाऱ्याचे जुने उतारे, बियाण्याच्या पावत्या आणि तळाशी ती. सी-नाइंटी, नव्वद मिनिटांची. एका बाजूवर पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचा अख्खा ‘डार्क साइड ऑफ द मून’ अल्बम, 43 मिनिटांचा, 45 मिनिटांत बरोबर मावलेला. गाण्यांची नावं आपल्याला कुठं माहीत होती? तू कार्डावर नुसत्या खुणा लिहून ठेवल्या होत्यास: घड्याळं, पैसे, वेडा. आणि घड्याळं न् पैसे यांच्या मधात, निळ्या शाईनं: ‘बाई ओरडते. फॉरवर्ड.’

आपण चार वर्षं ते गाणं फॉरवर्ड केलं रे. त्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

ही कॅसेट वाजवायला घरात टेप राहिला नाही. मग रात्री शेतात मोबाइलवर लावलं. या आठवड्यात रातची लाईट आहे, बारा ते आठ. हरभऱ्याला पाणी चालू आहे, स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे, आणि डुकरं येतात म्हणून जागलही करायची. त्यामुळे वायर एकाच कानात आणि दुसरा कान वावराकडे. पण अर्ध्या कानानं हे ऐकताच येत नाही. पावलं पळत पळत येतात आणि मधातच गायब होतात, कारण ती पलीकडच्या कानात पळालेली असतात. दुसऱ्या रात्री पुतण्याला जागलीवर बसवलं आणि दोन्ही कान लावून आडवा झालो.

कसं बनलं ते आता वाचून घेतलं आहे, आणि तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिंक फ्लॉइडनं हे सगळं रेकॉर्ड करायच्या आधीच स्टेजवर वाजवायला घेतलं होतं. जानेवारी 1972 मध्ये ब्रायटनला पहिल्यांदा वाजवलं आणि टेप बिघडल्यामुळे मधातच थांबावं लागलं. रेकॉर्ड बाजारात आली मार्च 1973 मध्ये. म्हणजे वर्षभर लोकांसमोर वाजवून वाजवून गाणी बसवली. आपल्या गावचं मंडळ गुरुदेवांचं एखादं भजन खंजिरीवर बसवतं, अगदी तसंच. बसलेलं भजन आणि पाठ केलेलं भजन यातला फरक तुला मी काय सांगू, तू ढोलकीवर बसायचास.

लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत काम चाललं. बँडमधल्या रॉजर वॉटर्सची बायको मातीची भांडी करायची, तिच्या माती कालवायच्या भांड्यात त्यानं नाणी टाकली आणि तो आवाज धरला. नाणी, कागद फाडल्याचा आवाज, दुकानातल्या गल्ल्याचं मशीन, असे सात आवाज. प्रत्येकाची टेप पट्टीनं मोजून कापली, जोडली, तिचं कडं केलं आणि ते फिरवत ठेवलं. म्हणून ‘पैसे’वर आपला पाय नेहमी चुकायचा. सातचा ताल आहे तो! घड्याळं ॲलन पार्सन्स नावाच्या इंजिनिअरनं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून रेकॉर्ड केली होती. सुरुवातीची धडधड बँडच्याच निक मेसनच्या ड्रमची. आणि घड्याळांच्या गाण्यातले ते शब्द, आयुष्य सुरू व्हायची वाट पाहता पाहता दहा वर्षं मागे निघून गेली हे कळणं, ते लिहिताना वॉटर्स 28 वर्षांचा होता. आपल्याला कळायला पन्नाशी यावी लागली.

आता ती बाई.

तिचं नाव क्लेअर टॉरी. वय 25. जानेवारी 1973 मधल्या एका रविवारी तिला बोलावलं. बँडमधल्या रिक राइटची पियानोवरची चाल तयार होती, विषय मरणाचा, आणि गायला शब्द एकही नाही. काय गायचं हे नीट कोणी सांगू शकलं नाही. आपला गळा म्हणजे एक वाद्यच आहे असं समजून ती गायली. दोनदा पूर्ण, तिसऱ्यांदा अर्धवट, कारण आता आपण तेच तेच गातो आहोत असं तिला वाटलं. 30 पौंड घेतले आणि घरी गेली. गाणं वापरतील याची तिला खात्री नव्हती.

बाबा गेले ते तुला फोनवर सांगितलं होतं. एक सांगायचं राहिलं. तिरडी उचलली तेव्हा आत्या दारातून सूर काढून रडली. आपल्याकडच्या बायांचं रडणं तुला माहीत आहे. आधी ‘माह्या भावा’ असे शब्द असतात, त्यांनी वावरात काय केलं, बैलांवर कसा जीव लावला, ते सगळं त्यात येतं. मग शब्द संपतात आणि नुसता आवाज राहतो. तो वर चढतो, तुटतो, खाली येऊन घुमतो, आणि श्वास घेऊन पुन्हा निघतो. त्या रात्री धुऱ्यावर पडून मी ऐकलं तो हाच आवाज होता. शेवटाकडे ती बाई अगदी हळू होते ना, तशीच आत्या ओसरीच्या खांबाला टेकून हळू झाली होती. मी उठून बसलो. पाइप बदलायची वेळ टळून गेली, बदलले नाहीत.

सकाळी आत्याला ऐकवलं. ती अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. सूप तसंच हातात धरून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, ‘‘कोन गेलं बाप्पा हिचं?’’

मी म्हणालो, कोणी नाही आत्या, पैसे देऊन गाऊन घेतलं आहे. तिनं ते मानलंच नाही. ‘‘असं उगंच येत नाही,’’ म्हणाली, आणि दुसऱ्यांदा लावायला सांगितलं.

लोकांनी कसं घेतलं तेही लिहितो. लंडनच्या तारांगणात पत्रकारांना ऐकवायचा कार्यक्रम ठेवला होता, पण तयारी मनासारखी नव्हती म्हणून बँडमधल्या बहुतेकांनी तिकडे पाठ फिरवली. अमेरिकेत हे रेकॉर्ड जोर लावून चालवणारा कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख कोण, ठाऊक आहे? भास्कर मेनन, तिरुवनंतपुरमचा जन्म. बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिला नंबर मिळाला तो एकच आठवडा. पण 1973 ते 1988 या काळात 741 आठवडे ते त्या यादीत होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीपेक्षा पुढच्याच वेचण्या भरून आल्या म्हण.

आणि क्लेअर टॉरीला 30 पौंडच. 2004 मध्ये ती कोर्टात गेली, 2005 मध्ये समझोता झाला, तेव्हा राइटच्या जोडीनं त्या गाण्याची रचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. बत्तीस वर्षं लागली. मला याचा फार राग येतो. चाल राइटची खरी, पण ते गाणं उभं आहे ते तिच्या छातीवर. आपल्या आयाबायांच्या किती ओव्या लोकांनी अशाच बिननावानं उचलल्या असतील.

कार्डावरचं तुझं अक्षर खोडलं नाही. त्याच्या खाली तिचं नाव लिहिलं आहे, फक्त.

हरभरा निघायच्या आत ये. पुढच्या आठवड्यात लाईट दिवसाची आहे, रात्री मोकळ्या. आणि तुझ्या भावाकडे तो जुना टू-इन-वन असेल तर घेऊन ये. पट्टा ढिला असला तरी चालेल, दिग्रसला एक जण अजून दुरुस्त करून देतो.

तुझाच,
रूम नंबर 14